सातबाऱ्याला रोमन लोक काय म्हणत?

सातबारा म्हणजे काय हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, दोन्ही एका कागदावर. त्यात अपूर्णांकाचा काही संबंध नाही. पण समजा, दोन हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या रोमन माणसाला कुणी विचारलं असतं की "बारातले सात भाग, याला तुम्ही काय म्हणता?", तर त्याने झटकन एका शब्दात उत्तर दिलं असतं: सेप्तुन्क्स.

आपल्याकडे पाव, अर्धा, पाऊण यांना नावं आहेत. सात-बारांशाला नाही. लॅटिन भाषेत मात्र एक-बारांशापासून पूर्णापर्यंत प्रत्येक पायरीला स्वतःचं नाव होतं. आणि तीच नावं नाण्याला, वजनाला, लांबीला, जमिनीला, दारूच्या मापाला, व्याजाच्या दराला आणि मेलेल्या माणसाच्या इस्टेटीला, अशी सगळीकडे चालत. युनिट कन्व्हर्जनमध्ये दोन-दोन मार्क घालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रकार एकदा नीट बघायला हरकत नाही. विशेषतः यासाठी, की यातले अर्धे शब्द आपण रोज वापरतो आणि ते कुठून आले हे वर्कशॉपमध्ये कुणी सांगत नाही.

सुरुवात 'आस्' या शब्दापासून. आस् म्हणजे एक, अख्खं, पूर्ण. मुळात तो काशाचा एक रोमन पौंड, ज्याला 'लिब्रा' म्हणत. आजच्या हिशोबाने साधारण ३२७ ग्रॅम. त्याचे बारा भाग केले की एकेक भाग 'उन्किया'. या शब्दाच्या पोटात 'उनुस' म्हणजे 'एक' दडलेला आहे. बारातले दोन म्हणजे षष्ठांश, सेक्स्तान्स. तीन म्हणजे पाव, क्वाद्रान्स. चार म्हणजे तृतीयांश, त्रिएन्स. बाराला पाचाने भाग जात नाही, संक्षेपही होत नाही, म्हणून सरळ 'पाच उन्किया': क्विन्कुन्क्स. सहा म्हणजे अर्धा, सेमिस. सात पुन्हा अडचणीचा, म्हणून 'सात उन्किया', तोच आपला सेप्तुन्क्स. आठ म्हणजे दोन-तृतीयांश, बेस.

इथपर्यंत ठीक. नवापासून रोमन माणूस दिशा बदलतो. पुढे मोजत जाण्याऐवजी तो पूर्णाकडून मागे येतो. नऊ म्हणजे 'पाव काढलेला', दे आणि क्वाद्रान्स, बोलता बोलता झिजून दोद्रान्स. दहा म्हणजे 'षष्ठांश काढलेला', देक्स्तान्स. अकरा म्हणजे 'उन्किया काढलेला', देउन्क्स. आणि बारा म्हणजे परत आस्.

हे वाचून ज्याला काहीच ओळखीचं वाटलं नाही त्याने आपला 'पाऊण' उघडून बघावा. पाद म्हणजे चौथा भाग, ऊन म्हणजे कमी. पादोन, म्हणून पाऊण. दोद्रान्स आणि पाऊण हे एकाच साच्यातून काढलेले शब्द आहेत. फक्त 'ऊन' आपण मागे लावतो आणि ते 'दे' पुढे लावतात. एकोणीस म्हणजे एक-ऊन-वीस. लॅटिनमध्ये एकोणिसाला म्हणतात उन्देविगिन्ती, म्हणजे 'विसातून एक'. ते तर आपल्याही पुढे जाऊन अठराला 'विसातून दोन' म्हणत. तेवढी हौस आपल्याला नाही.

याहून मोठी गंमत अडीचमध्ये आहे. अडीच हा शब्द संस्कृत 'अर्धतृतीय' यापासून प्राकृतातून झिजत आला. अर्धतृतीय म्हणजे 'तिसरा अर्धा': पहिले दोन पूर्ण आहेत आणि तिसरा अर्धाच आहे, म्हणजे अडीच. आजोबांच्या पिढीला पाठ असलेली औटकी आठवते? औट म्हणजे साडेतीन, अर्धचतुर्थ, चौथा अर्धा. आता रोमन लोकांचं एक नाणं घ्या, सेस्तेर्तियुस. नाव फोडलं की सेमिस-तेर्तियुस, 'अर्धा तिसरा'. किंमत अडीच आस्. अक्षरशः आपला अडीच. हिशोबाच्या वहीत ते दोन उभ्या रेघा आणि सेमिसचा 'एस' लिहीत, वरून आडवी रेघ मारत. ते पुढे 'एचएस'सारखं दिसू लागलं आणि छापील पुस्तकांत अजून तसंच छापतात. जर्मनचा क्लास लावलेल्यांना हे नवीन नसेल. तिथे 'हाल्ब द्राय' म्हणजे साडेतीन समजून अडीचची गाडी चुकवणारे बरेच असतात.

दीडाचंही असंच. लॅटिन 'सेस्क्वी' म्हणजे 'आणि वर अर्धा'. दीड उन्कियाला सेस्कुन्किया म्हणत. केमिस्ट्रीत सेस्क्विऑक्साइड हा शब्द येतो तेव्हा आपण तो घोकून टाकतो. अॅल्युमिनाचं सूत्र बघा: दोन अॅल्युमिनियमला तीन ऑक्सिजन, म्हणजे एकाला दीड. दीडकीचा पाढा आणि सेस्क्विऑक्साइड एकाच घरातले आहेत.

आता नाणी. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात रोममध्ये काशाची ओतीव, जाडजूड नाणी होती. वाचता न येणाऱ्यालाही किंमत कळावी म्हणून त्यांवर ठिपके असत. एक ठिपका उन्किया, दोन सेक्स्तान्स, तीन क्वाद्रान्स, चार त्रिएन्स. अर्ध्यावर 'एस' हे अक्षर. एका बाजूला देवाचं डोकं, तेही ठरलेलं: आस्-वर दोन तोंडांचा यानुस, सेमिसवर सॅटर्न, त्रिएन्सवर मिनर्व्हा, क्वाद्रान्सवर हर्क्युलीस, सेक्स्तान्सवर मर्क्युरी. दुसऱ्या बाजूला जहाजाचं नाक. पोरं नाणं उडवताना 'डोकी की जहाजं' असं ओरडत. पुढे नाणी बदलली, जहाज गेलं, तरी पोरांचं ओरडणं तेच राहिलं.

पण आस् मात्र आस् राहिला नाही. सुरुवातीला पौंडाचा असलेला आस् युद्धाच्या खर्चात उतरत उतरत दोन उन्कियांवर आला. थोरला प्लिनी हे पहिल्या प्यूनिक युद्धाशी जोडतो. आजचे नाणेतज्ज्ञ ते दुसऱ्या युद्धाच्या काळात, म्हणजे इ.स.पू. २१८ ते २०१ मध्ये ठेवतात. काळ कुठलाही असो, हिशोब प्लिनीने नेमका टिपलाय: सहातले पाच भाग सरकारचा फायदा, आणि सरकारचं कर्ज फिटलं. आपल्या आत्ताच शिकलेल्या भाषेत सांगायचं तर आस्-मध्ये सेक्स्तान्स शिल्लक राहिला आणि देक्स्तान्स सरकारने खाल्ला. ज्याने पौंडाचं कासं उसनं दिलं होतं त्याच्या हातात दोन उन्किया पडले, आणि नाव तेच, आस्. पुढे तो एका उन्कियावर, आणि इ.स.पू. ९१ च्या सुमाराला अर्ध्या उन्कियावर आला. चांदीचं नाणं देनारियुस, नावाप्रमाणे दहा आस्-चं, इ.स.पू. १४० च्या आसपास ते सोळा आस्-चं केलं. त्याचा पाव असलेला सेस्तेर्तियुस त्यामुळे चार आस्-चा झाला. नाव मात्र अखेरपर्यंत 'अडीच'.

एखाद्या संख्येचं नाव आणि तिची किंमत यांच्यात अंतर पडलं की त्या अंतरात कुणीतरी कमावतो. हे वाक्य ध्यानात ठेवा, पाइपच्या गोष्टीत परत लागेल.

मघाशी म्हटलं की ही नावं सगळीकडे चालत. आपल्याकडच्या आण्याचंही तसंच झालं होतं. रुपयाचे सोळा आणे १९५७ साली दशमान पैसे आल्यावर व्यवहारातून जाऊ लागले, पण गुंठ्याचे सोळा आणे जुन्या मोजणीत सापडतात, सामाईक जमिनीतला हिस्सा आणे-पैमध्ये लिहिलेला सापडतो, पिकाचा अंदाज म्हणजे आणेवारी हा शब्द पैसेवारी आल्यावरही लोकांच्या तोंडातून गेलेला नाही. आणि 'सोळा आणे खरं' म्हणजे पूर्ण खरं. रोममध्ये ज्याला सगळी इस्टेट मिळे त्याला म्हणत 'आस्-चा वारस'. म्हणजे सोळा आणे वारस.

वारसाहक्क ही या शब्दांची खरी कर्मभूमी. ज्युलियस सीझरचा खून झाला इ.स.पू. ४४ च्या मार्च महिन्यात. मृत्युपत्र उघडलं. स्वेटोनियसने त्यातली वाटणी दिली आहे: बहिणीचा नातू ऑक्टेवियस याला दोद्रान्स, म्हणजे पाऊण, उरलेल्या क्वाद्रान्समध्ये लुशियस पिनारियस आणि क्विन्तुस पेदियुस दोघे. सरळ भाषेत बारा आण्यांचा मालक एकटा, आणि चार आण्यांत दोघं. तो बारा आणेवाला पुढे सम्राट ऑगस्टस झाला.

रोमन कायद्यातली एक युक्ती तर अशी आहे की ती वाचून एम-थ्रीचे सर खूश होतील. मृत्युपत्र लिहिणाऱ्याचं गणित कच्चं असेल आणि हिश्श्यांची बेरीज बाराच्या पुढे, समजा चौदा उन्किया झाली, तर काय करायचं? खटला रद्द नाही, मृत्युपत्रही रद्द नाही. आस् चौदा भागांचा धरायचा आणि ज्याच्या नावावर जितके उन्किया त्याला चौदातले तितके. बेरीज दहाच भरली तर आस् दहाचा. याला आपण नॉर्मलायझेशन म्हणतो. सम्राट जस्टिनियनने इ.स. ५३३ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी जे पाठ्यपुस्तक काढलं त्यात उन्कियापासून आस्-पर्यंतची सगळी नावं ओळीने देऊन हे नियम समजावलेत. एकच वारस नेमला आणि त्याला फक्त सेमिस लिहून दिला, तरी त्याला सगळंच मिळे, कारण अर्ध्या इस्टेटीपुरतं मृत्युपत्र करून मरणं रोमन कायद्याला मान्य नव्हतं.

मुलांना हे सगळं शाळेत पाठ करावं लागे. होरेस या कवीने आपल्या काव्यकलेवरच्या पत्रात शाळेतला एक प्रसंग रंगवलाय. मास्तर एका पोराला विचारतात, क्विन्कुन्क्समधून एक उन्किया काढला तर काय उरलं? पोरगं म्हणतं त्रिएन्स. शाब्बास, आता उन्किया मिळवला असता तर? सेमिस. होरेसला हे बघून वाईट वाटतं. तो म्हणतो, अशा पैशाच्या हिशोबात मुरलेल्या डोक्यांकडून कविता कसली व्हायची. कवीचं दुःख कवीपाशी. मला विचाराल तर पाच-बारांशातून एक-बारांश वजा करून उत्तर संक्षिप्त रूपात तोंडी देणारं पोरगं आपल्या पहिल्या वर्षाच्या बॅचला भारी पडेल. पुढे दुसऱ्या शतकात वोलुसियुस माएकियानुस या कायदेपंडिताने तरुण मार्कस ऑरेलियससाठी याच विषयावर एक छोटी पुस्तिका लिहिली: आस्-चे भाग, त्यांची नावं आणि लिहिण्याच्या खुणा. थोडक्यात, भावी सम्राटालाही नोट्स लागल्या.

व्याज. इथे प्रकरण गंभीर होतं. रोमन व्याज महिन्यावर मोजत. दरमहा शेकडा एक, याला 'सेन्तेसिमा' म्हणजे शतांश म्हणत. वर्षाचे झाले बारा टक्के. बारा म्हटलं की आस् आलाच! म्हणून सहा टक्के म्हणजे सेमिसचं व्याज, चार टक्के त्रिएन्सचं, पाच टक्के क्विन्कुन्क्सचं. सिसेरो इ.स.पू. ५१ मध्ये किलिकियाचा सुभेदार झाला. सायप्रसही त्याच्याच हाताखाली होतं, आणि त्याने बारा टक्क्यांच्या वर व्याज चालणार नाही असं जाहीर केलं होतं. सायप्रसमधल्या सालामिस या शहराने मात्र चार सेन्तेसिमा, म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस टक्क्यांनी कर्ज काढलेलं. वसुलीला आलेला माणूस होता स्काप्तियुस. आधीच्या सुभेदाराच्या काळात त्याने घोडदळ लावून शहराच्या सभासदांना सभागृहात कोंडलं होतं, इतकं की पाच जण उपाशी मेले. हिशोबाला बसल्यावर सालामिसवाल्यांचा आकडा निघाला १०६ तालान्त, आणि स्काप्तियुस मागत होता जवळजवळ २००. शेवटी सिसेरोला कळलं की पैसे खरे मार्कुस ब्रुतुसचे आहेत. हो, तोच ब्रुतुस, नाटकातला सज्जन. सिसेरोने निकाल दिलाच नाही, प्रकरण पुढच्या सुभेदारावर ढकललं. हे सगळं त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रांत आहे.

दरमहा शेकडा एक हा दर आपल्याकडेही दगडात कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेणीत दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दर शेकडा पाऊण. मूळ शब्द आहे 'पायून'. आपला पाऊण, जवळजवळ आहे तस्सा, दोन हजार वर्षांपूर्वी. आणि हिशोबही जुळतो. लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे: वीस बारे दोनशे चाळीस. दोन हजारांवर बारा टक्क्यांनी वर्षाचं व्याज? दोनशे चाळीस. पुढच्या वेळी ट्रिपला पांडवलेणीला गेलात तर पायऱ्या चढून फोटो काढण्याआधी तेवढा लेख शोधा.

उन्कियाच्या खालीही नावं होती. अर्धा उन्किया सेमुन्किया, पाव उन्किया सिसिलिकुस, षष्ठांश सेक्स्तुला, आणि सर्वात खाली उन्कियाचा चोविसावा भाग, स्क्रिपुलुम. म्हणजे आस्-चा २८८ वा भाग. रोमनांची हातात मावणारी मण्यांची पाटी सापडली आहे, तिच्यात एकं-दहं-शतंच्या खाचांबरोबर उन्कियासाठी वेगळी खाच आणि त्याहून लहान भागांसाठी वेगळे मणी आहेत. जमिनीचं माप 'युगेरुम', २४० फूट बाय १२० फूट. त्याचं स्क्रिपुलुम काढलं की बरोबर शंभर चौरस फूट, दहा बाय दहाची खोली. हॉस्टेलची रूम म्हणा. द्रवाचं माप 'सेक्स्तारियुस', अर्ध्या लिटरच्या थोडं वर. त्याचा बारावा भाग म्हणजे एक 'क्यातुस'. स्वेटोनियस सांगतो की ऑगस्टस अगदी मनसोक्त प्यायला तरी सहा सेक्स्तान्सच्या पुढे जात नसे. सहा दुणे बारा, म्हणजे एक सेक्स्तारियुस. बारा आण्यांच्या वारसाला एवढी वाइन बेताचीच म्हणायची. आणि सर्वात स्वस्त नाण्यांपैकी एक, क्वाद्रान्स, यात सार्वजनिक स्नानगृहात आंघोळ होई.

आता हे शब्द आपल्या टेबलावर कसे आले ते भराभर. उन्किया हा फुटाचाही बारावा भाग होता, पौंडाचाही. फुटाचा उन्किया इंग्रजीत 'इंच' झाला, पौंडाचा 'औंस'. एकाच आईची दोन मुलं, वाढली वेगळ्या घरांत. रोमन इंच सुमारे २४.७ मिलिमीटर, आपला १९५९ पासून नेमका २५.४. औंसाचा मात्र गोंधळ आहे. किराण्याचा औंस २८.३५ ग्रॅम, सोन्याचा ३१.१ ग्रॅम, रोमन सुमारे २७.३. टीव्हीवर सोन्याचा औंसाचा भाव बघून २८.३५ ने भागणारा माणूस फसतो. स्क्रिपुलुमचं 'स्क्रूपल' झालं. औषधं तोलायच्या जुन्या इंग्रजी पद्धतीत औंसाचे चोवीस स्क्रूपल आणि पौंडाचे बारा औंस, म्हणजे पुन्हा २८८. पौंडाची खूण 'एलबी' ही लिब्राची आद्याक्षरं. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये नासाचं मंगळाकडे गेलेलं क्लायमेट ऑर्बिटर नष्ट झालं, कारण जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर आवेग पौंड-सेकंदात देत होतं आणि पुढचं न्यूटन-सेकंद समजून घेत होतं. फरक ४.४५ पटीचा.

क्विन्कुन्क्सचा प्रवास वेगळाच. इटलीतल्या काही शहरांनी पाच उन्कियांचं नाणं काढलं, त्यावर पाच ठिपके. फाशावरच्या पाचासारखी चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, या मांडणीलाच ते नाव पडलं. रोमन शेतकरी झाडं अशी लावत. कृषी महाविद्यालयातल्या मित्राला विचारा, फळबाग लागवडीत हा शब्द त्याला अजून शिकवतात. गाल्टनने खिळ्यांमधून छर्रे सोडून नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनची घंटा दाखवणारी फळी केली, तिलाही तो क्विन्कुन्क्सच म्हणे, कारण खिळे एकाआड एक ओळीत तसेच ठोकलेले.

आणि आता पाइप. इ.स. ९७ मध्ये सेक्स्तुस युलियुस फ्रॉन्तिनुस हा रोम शहराच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. आजच्या भाषेत पाणीपुरवठा विभागाचा चीफ इंजिनिअर. खात्याचा कारभार हाताखालच्यांच्या तोंडून ऐकून चालवायला नको म्हणून त्याने स्वतः सगळं मोजलं आणि पुस्तक लिहिलं. सिव्हिलवाल्यांनी ते एकदा तरी चाळावं. नळाची मापं अंगुळात, फुटाचा सोळावा भाग, सुमारे १.८५ सेंटिमीटर. मूळ नळ 'क्विनारिया': व्यास पाच क्वाद्रान्स अंगुळ, म्हणजे सव्वा अंगुळ. त्यावरून पुढच्या नळांना नंबर. विसाचा नळ म्हणजे वीस क्वाद्रान्स, पाच अंगुळ व्यास. फ्रॉन्तिनुसने पंचवीस मापं नोंदवली, त्यातली पंधराच वापरात होती.

तपासताना त्याच्या लक्षात आलं की पाणी सोडणाऱ्या कामगारांनी काही मापं गुपचूप बदलली आहेत. विसाच्या नळाचा व्यास त्यांनी सेमिसने, अर्ध्या अंगुळाने, कमी केलेला. शंभराचा आणि एकशेवीसचा मात्र मोठा. का? तर लोकांना पाणी द्यायचं विसाच्या नळाने आणि टाकीतून घ्यायचं शंभर-एकशेवीसच्या नळाने. देताना लहान माप, घेताना मोठं. जो शिल्लक राही तो बाजारात. अर्ध अंगुळ ऐकायला काहीच वाटत नाही, पण करून बघा: पाचाचे साडेचार झाले, व्यास दहा टक्के घटला, क्षेत्रफळ ०.९ चा वर्ग, ०.८१. म्हणजे पाणी एकोणीस टक्के कमी. नळाचं नाव वीसच. ग्राहक पैसे विसाचे मोजतो.

त्याच्या उपायांत तर प्रॅक्टिकलचा वास येतो. नळाच्या तोंडाशी काशाची शिक्का मारलेली तोटी बसवायची, बारा अंगुळ लांब. शिशाची नको, कारण शिसं ठोकून रुंद करता येतं, कासं सहजासहजी वाकत नाही. आणि तोटीच्या पुढे पन्नास फुटांपर्यंत नळ त्याच मापाचा असला पाहिजे, कारण तोटी बरोबर मापाची लावून मागे लगेच मोठा नळ जोडणारे हुशार लोक त्याने पकडले होते.

शेवटी एक आकडा, कॅल्क्युलेटर हातात असेल तर. क्विनारियाचा परीघ फ्रॉन्तिनुसने दिलाय: तीन अंगुळ, एक देउन्क्स आणि तीन स्क्रिपुलुम. देउन्क्स म्हणजे २६४ स्क्रिपुलुम, वर तीन. एकूण ३ पूर्णांक २६७/२८८. याला व्यासाने, सव्वाने भागा. उत्तर येतं ३.१४१६७. २२/७ धरलं असतं तर परिघात २६७ च्या जागी २६७.४३ स्क्रिपुलुम यायला हवे होते. वरचे ०.४३ लिहायला त्याच्याकडे शब्दच नव्हता म्हणून ते सोडले, आणि सोडल्यामुळे तो खऱ्या 'पाय'च्या अधिक जवळ पोचला.